ठकीच्या गळ्यातला दोरा

उदयसिंहराव जगदाळे बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि मांजलपूरला आमच्या सोसायटीतल्या शेवटच्या टेनामेंटमध्ये, छोट्या बैठ्या घरात, राहायला आले. पणजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत होते, एवढं ते एकदा सांगायचे आणि पुन्हा विषय काढायचे नाहीत. माणूस सरळ, पण हट्टी. नळ गळो नाहीतर पंखा अडो, दुसऱ्याला हात लावू देणार नाहीत. कोणाकडे काही मागायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं.

तीन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं, पण घरी आले ते गप्प होऊन. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि हे दहा वाजेपर्यंत पांघरुणात. त्यांच्या पत्नी दुर्गाताई शाळेत शिवण शिकवतात. त्यांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी एका रविवारी त्या पादरा गावी भावाकडे गेल्या आणि दोन कोंबड्या घेऊन आल्या. एक काळी, एक टिपक्यांची. खुराडं मागच्या अंगणात ठेवलं आणि म्हणाल्या, "सकाळी यांना कोण सोडणार ते तुम्ही बघा. मला सातची शाळा आहे."

उजाडलं की टिपक्यांची कोंबडी असा काही गलका करायची की उठण्यावाचून गत्यंतर नसे. खुराडं उघडायचं, पाणी बदलायचं, बाजरी टाकायची. महिन्याभरात उदयसिंहराव बागेपर्यंत चालून येऊ लागले. टिपक्यांच्या कोंबडीचं नाव त्यांनीच ठकी ठेवलं. ती त्यांच्या मागे मागे फिरायची आणि ते ओट्यावर पेपर वाचत बसले की त्यांच्या चपलेवर येऊन बसायची.

शेजारी निरुपमाबेन राहतात. निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या, कांदा-लसूणही न खाणाऱ्या. त्यांनी कोंबड्यांबद्दल सोसायटीकडे लेखी तक्रार केली. वास येतो, आणि पुढे अंगणातच कापतील, असं त्यात लिहिलं होतं. उदयसिंहराव तडक त्यांच्या दारात गेले. "माझ्या अंगणात मी काय पाळायचं ते तुम्ही ठरवायचं नाही," एवढं बोलून परत आले. त्यानंतर दीड वर्ष दोघांत एक शब्द नाही. फाटकाशी समोरासमोर आले, तर ते स्कूटरचा आरसा पुसत बसायचे.

या जानेवारीतली गोष्ट. पतंगांचं उत्तरायण झालं, दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायणही झालं. गच्च्यांवरचे भोंगे थांबले, उंधियूची पातेली घासून झाली. झाडांवर, तारांवर, अंगणांत सगळीकडे तुटलेला दोरा लोंबत होता. सोळा तारखेला सकाळी उदयसिंहरावांनी बाजरी टाकली, तर काळी धावत आली आणि ठकी खुराड्याशीच उभी राहिली. पिसं फुलवून, मान आखडून. त्यांनी हातावर दाणे धरले. तिने पाहिलं आणि मान फिरवली.

"थंडी बाधली असेल," दुर्गाताई म्हणाल्या.

उदयसिंहरावांनी तिला वेगळ्या टोपलीत गोणपाटावर ठेवलं, हळदीचं कोमट पाणी ड्रॉपरने पाजलं. दुपारी भाताची शितं ठेवली. तिने चोचसुद्धा लावली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा लालभडक तुरा फिका पडला होता. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि गळ्याखाली बोटं फिरवली. तिथे कोंबडीची दाण्याची पिशवी असते. दिवसभर टिपलेलं तिच्यात साठतं आणि रात्रीतून खाली उतरतं, सकाळी ती रिकामी हवी. ठकीची पिशवी लिंबाएवढी फुगली होती आणि दगडासारखी लागत होती. दोन दिवस पोटात काही नाही, आणि पिशवी भरलेली!

दिवसभर त्यांनी तेलाचे थेंब पाजले, बोटांनी पिशवी हलके हलके चोळली. गोळा काही हलेना. त्या दिवशी त्यांनी स्वतःचं ताट अर्धंच संपवलं. दुर्गाताईंनी ते पाहिलं आणि ताट उचललं. त्यांना बायपासनंतरचे दिवस आठवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, ड्रॉपरसाठी चोच उघडली तेव्हा त्यांना जिभेच्या मुळाशी गुलाबी काहीतरी दिसलं. चष्मा लावून पाहिलं. पतंगाचा दोरा. जिभेभोवती वेढा पडलेला, आणि पुढचं टोक खाली घशात गेलेलं. त्यांनी चिमट्यात दोरा धरला आणि जरासा ओढला. ठकीचं सगळं अंग ताठ झालं, डोळे पांढरे झाले.

"ओढू नका!" दुर्गाताई ओरडल्या. "अहो, आत चिरेल तिला!"

त्यांनी चिमटा सोडला. दुर्गाताईंनी फोन लावायला घेतला. एका दवाखान्यात कोणी उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणचा माणूस म्हणाला, "कोंबडी? काका, आम्ही कुत्री-मांजरं बघतो. दुसरी आणा ना."

उदयसिंहराव टोपलीशेजारी उकिडवे बसून राहिले. मग दुर्गाताई हळूच म्हणाल्या, "निरुपमाबेन दर उत्तरायणाला जखमी कबुतरं घेऊन पक्ष्यांच्या शिबिरात जातात. तिथे डॉक्टर असतात."

"मी नाही जाणार त्यांच्याकडे."

"मग मी जाते."

ठकीने डोळे मिटले होते आणि चोच उघडी ठेवून ती श्वास घेत होती. ते उठले, टोपली उचलली आणि स्वतःच गेले.

निरुपमाबेननी दार उघडलं. टोपलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"शुं थयुं?"

"दोरा गिळलाय हिने. गळ्यात अडकलाय." त्यांना पुढचं वाक्य जुळवायला वेळ लागला. "तुम्ही जाता त्या शिबिराचा पत्ता हवा होता."

निरुपमाबेन बडोद्यात जन्मलेल्या, मराठी चांगलं बोलतात. त्यांनी जागेवरून न हलता विचारलं, "जगदाळेभाई, खरं सांगा. वाचवून पुढे काय? खाणार?"

"आम्ही मटण खातो, खोटं बोलणार नाही," उदयसिंहराव म्हणाले. "पण हिला नाही. ही आपल्या वयाने मरेल. आता मरायला नको, एवढंच."

त्या आत वळल्या, शाल आणि किल्ली घेऊन आल्या, दाराला कुलूप लावलं. "पत्त्याने नाही सापडणार. चालो. स्कूटर काढा."

त्या सकाळी आम्ही कित्येकांनी ते दृश्य पाहिलं आणि पाहून थबकलो. उदयसिंहराव स्कूटर चालवत होते. मागे निरुपमाबेन बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर टोपलीत, त्यांच्याच शालीत गुंडाळलेली ठकी होती.

शिबिराच्या मंडपात खोक्यांमधून कबुतरं, पोपट, एक पंख तुटलेली घार. नोंद करणाऱ्या स्वयंसेवकाने टोपलीत डोकावून मान हलवली. "बेन, आ तो मरघी छे. आम्ही रानपक्षी घेतो."

"एने पांखो छे के नहीं?" निरुपमाबेननी मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारलं. "गळ्यात दोरी पतंगाचीच आहे ना? मग लिहा."

त्याने लिहिलं.

तिथल्या डॉक्टर तिशीच्या होत्या. स्वयंसेवकांशी गुजरातीत बोलत होत्या, पण कागदावर जगदाळे वाचलं आणि मराठीत म्हणाल्या, "काका, मी योगिनी. जुन्या शहरातल्या घडियाळी पोळेतली, मराठीच. कधीपासून खात नाही ही?"

"तिसरा दिवस. पाणी मीच पाजतोय."

"दोरा ओढलात?"

"एकदा. थोडासा."

"थांबलात ते बरं केलंत." त्यांनी जिभेजवळचा वेढा कात्रीने कापला आणि गळ्याखालची पिशवी दाबून पाहिली. "आत गुंता झालाय. इथेच भूल देऊन पिशवी उघडावी लागेल. ती अशक्त आहे, वाचेलच असं सांगत नाही. पण नाही केलं, तर वाचणार नाही हे नक्की. तुम्ही धराल का तिला? ओळखीच्या हातात शांत राहील."

उदयसिंहरावांनी ठकीला दोन्ही हातांत धरलं. डॉक्टरांनी तिथली पिसं उपटली, सुई दिली आणि बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा छेद घेतला. चिमट्याने त्या दोरा काढू लागल्या. गुलाबी दोरा, त्यात गुंडाळलेलं वाळकं गवत, पुन्हा दोरा. तो येतच राहिला. उदयसिंहरावांना तळहातावर तिचं काळीज धडधडताना लागत होतं आणि मध्येच ते लागेनासं व्हायचं. निरुपमाबेन रक्त बघवत नसल्याने पाठ करून उभ्या होत्या आणि दर मिनिटाला विचारत होत्या, "जीवे छे?"

"जिवंत आहे," ते म्हणायचे.

शेवटी लिंबाएवढा गुंता पत्र्याच्या तबकात पडला. डॉक्टरांनी आतून-बाहेरून टाके घातले. "आज फक्त ग्लुकोजचं पाणी. उद्या मऊ दहीभात, अगदी थोडा. दाणे दहा दिवस नकोत. उद्या तिने स्वतःहून चोच लावली, तर समजा सुटलो."

सोमवारी सकाळी दुर्गाताईंनी शाळेत रजा कळवली. अंगणात ऊन आलं तशी टोपली उन्हात ठेवली. ठकी जागी होती, मान थोडी वर होती. बशीत दहीभात ठेवला. तिने पाहिलं नाही. उदयसिंहरावांनी बोटाने एक शीत तिच्या चोचीला लावलं. ते तसंच चिकटून राहिलं.

अर्धा तास गेला. कुंपणापलीकडून निरुपमाबेनची हाक आली, "खाधुं?"

"नाही अजून."

त्याही आल्या आणि पायरीवर बसल्या. तिघंही एका कोंबडीकडे टक लावून बसले होते. काळी मात्र मोकळी होती. ती टोपलीच्या कडेवरून वाकली आणि सरळ बशीतला भात टिपायला लागली. उदयसिंहराव तिला हाकलणार, तेवढ्यात ठकीने मान पुढे काढली, काळीच्या डोक्यावर एक टोच मारली आणि बशीत चोच घातली. एक शीत. मग दुसरं. मग थांबली, गिळलं, पुन्हा टिपलं.

"खातेय!" दुर्गाताई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून हसायला लागल्या. निरुपमाबेननी दोन्ही हात जोडले. उदयसिंहरावांनी भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब सोडले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली आले होते. मग म्हणाले, "दुर्गा, भूक लागलीय गं."

दुर्गाताईंनी पिठलं-भाकरी केली, निरुपमाबेनसाठी वेगळ्या कढईत, कांदा-लसणाशिवाय. त्या पहिल्यांदाच जगदाळ्यांकडे जेवल्या. हात धुताना म्हणाल्या, "तक्रार मी मागे घेणार नाही हं. वास येतोच."

"रोज दोनदा झाडतो," उदयसिंहराव म्हणाले. "तरी आला तर मला सांगा. सोसायटीला नको."

"सांगेन," त्या म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात दोनदा सांगितलंही. त्यांनी चुना आणून खुराड्याखाली टाकला.

दहाव्या दिवशी डॉक्टर योगिनींनी बाहेरचे टाके काढले, पिशवी चाचपली आणि मऊ लागली म्हणून हसल्या. "आता द्या दाणे." घरी येऊन उदयसिंहरावांनी मूठभर बाजरी अंगणात टाकली. ठकी धावत आली, गळ्याखालच्या उघड्या कातडीसकट, आणि काळीला बाजूला सारून टिपू लागली. ते दोन्ही गुडघ्यांवर हात टेकवून उभे राहिले आणि शेवटचा दाणा संपेपर्यंत बघत राहिले.