उचलायच्या आधी

मोठेबाबा गेल्याचा फोन आला तेव्हा, खरं सांगते, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. वर्षभर अंथरुणाला खिळले होते... कूस बदलायलाही दोन माणसं लागायची, आणि ते त्यांना अजिबात सोसत नव्हतं. फोनवर मोठीआई रडत रडत म्हणाली, "सुटले वं बाई." मीही रडले, पण मनात तेच होतं. त्याला महिना होऊन गेला, आता कुठे लिहायला बसलेय.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठीआई त्यांची बायको. मोठेबाबा वाडीतल्या एका गोदामात हमालांचे मुकादम. शाळा सुटली की मी तिथेच पोत्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायची, म्हणजे अभ्यास कमी आणि टिवल्याबावल्या जास्त. ट्रक लागला की मोठेबाबा प्रत्येक हमालाला एकच विचारायचे, आज कोणता खांदा दुखतो? कुणी उजवा सांगे, कुणी डावा, कुणी थेट कंबर. त्याप्रमाणे जागा लागायच्या. ज्याचं काहीच धड नसे त्याला गाडीत वर उभं करायचे, मोजणीला. आणि माणूस कमी पडला की खुंटीवरचं घडी केलेलं पोतं खांद्यावर टाकून स्वतः लागायचे. मला हे सगळं फार रटाळ वाटायचं. शेजारच्या गोदामाचा मुकादम शिव्या घालून गाडी भरायचा, तो मला खरा साहेब वाटे. अक्कल तेवढीच होती.

तीच अक्कल घेऊन मी सैन्यात अधिकारी व्हायला प्रशिक्षणाला गेले. पळण्यात, नेमबाजीत बरी होते. अडलं ते नेतृत्वाच्या कसोटीत. सहा जणींची तुकडी, दोन फळ्या, एक दोर, आणि एक जड पेटी खंदकापलीकडे न्यायची. पेटी पडली की संपलं. मी घसा फोडून हुकूम सोडले आणि हरियाणाची सुमन सगळ्यांत दणकट म्हणून जड टोक तिला दिलं. मधोमध पेटी कलंडली आणि गेली खंदकात. दुसऱ्या खेपेला मी आवाज आणखी चढवला, जड टोक पुन्हा सुमनकडेच, आणि पेटी पुन्हा खंदकात. प्रशिक्षक ओरडलेसुद्धा नाहीत. तिसरी संधी शेवटची, नाहीतर सहा महिने मागच्या तुकडीत, एवढंच सांगून गेले. सुमनचा मला इतका राग आला होता की जेवताना मी तिच्याकडे बघितलंही नाही.

रविवारी घरी फोन करता यायचा. मोठेबाबांपुढे मी सगळं ओकले. सुमनला नावं ठेवली, पेटीला ठेवली, खंदकालाही ठेवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "उचलाच्या आधी इचारलं का तुनं, कोणाचा खांदा दुखून राह्यला?"

"नाही."

"काहून वं? इतके वर्सं पोत्यावर बसून काय पाहात होती मंग?"

तिसऱ्या खेपेला घड्याळ सुरू झालं, आणि मी पेटीला हात लावायच्या आधी सगळ्यांना गोळा करून तेच विचारलं. सुमन खाली बघत म्हणाली, "दाहिना. दस दिन से." सांगितलं तर दवाखान्यात टाकतील, प्रशिक्षण बुडेल, म्हणून बिचारी दातावर दात दाबून सोसत होती, आणि मी दोन्ही वेळा त्याच खांद्यावर पेटी ठेवली होती. लाजेनं मेल्यासारखं झालं. तिला समोरच्या काठावर उभं केलं, तोल सांगायला. जड टोक दोघींत वाटलं. पेटी पलीकडे गेली, वरून वेळही उरला. मी तिथेच मातीत बसले आणि वेड्यासारखी हसत सुटले. मग सुमनला मीच हाताला धरून दवाखान्यात नेलं. पुढच्या रविवारी मोठेबाबांना सांगितलं तर म्हणाले, बरं झालं, आता पोटभर जेव.

ते गेले त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा अंगणात गोदामातले जुने हमाल जमले होते. तिरडी बांधून झाली, आणि खांदा द्यायला सगळेच पुढे सरसावले, सत्तरी ओलांडलेले बबनकाकासुद्धा. कोण पुढे, कोण मागे, एकच गोंधळ. माझ्या तोंडून आपसूक निघालं, कोणाचा कोणता खांदा दुखतो? एकेकानं सांगितलं. बबनकाकांचा उजवा. जागा लागल्या. उरलेली एक जागा मी घ्यायला गेले, तर बबनकाकांनी मला अडवलं.

"आन तुमचा, बाई?"

मोठेबाबांना कधी विचारलं होतं का कुणी, असं मी उलट विचारलं.

"रोज इचारत होतो. रोज म्हणत, काही नाही दुखत."

"दोन्ही दुखत होते," मोठीआई दारातून म्हणाली. "मीच शेकत होती."

माझा डावा खांदा प्रशिक्षणापासून धरतो. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. बबनकाकांनी मला बाजू बदलून उभं केलं, दारामागच्या खुंटीवरून मोठेबाबांचं गोदामातलं ते घडीचं पोतं आणलं आणि माझ्या उजव्या खांद्यावर नीट बसवलं. मग आम्ही उचललं. मोठेबाबा अजिबात जड लागले नाहीत.