उचलू नका तिला

माझ्या थोरल्या नणंदेइतके शिव्याशाप पचवून ठणठणीत राहिलेली दुसरी बाई अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायची नाही. सख्खी आई त्यांना कसाई म्हणायची, सख्खा भाऊ, म्हणजे माझे यजमान, त्यांच्या समोर यायचं टाळायचे, आणि ताई मात्र दोन्ही वेळा पोटभर जेवून खुशाल घोरत झोपायच्या. मंठ्यातल्या शिवणाच्या दुकानाला कुलूप लावून त्या नवीन जालन्यात आमच्याकडे येऊन राहिल्या, त्या माझ्या गौरीसाठी. गौरी तेव्हा आठ वर्षांची. तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच स्नायूंवर उलटली होती. मांड्या आणि खांदे इतके गळून गेले, की जमिनीवर बसलेल्या पोरीला आपलं आपण उठता येईना. औषधांनी आजार आटोक्यात आल्यावर डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू व्यायाम पाहिजे, नाहीतर ताकद परत यायची नाही.

आमच्या नातेवाइकांचं शास्त्र निराळं. आजारी लेकरू दिसलं की कडेवर घ्यायचं, एवढंच प्रेम त्यांना येतं. गोळ्यांनी गौरीचा चेहरा सुजला, तर "चांगलं बाळसं धरलं की पोरीनं" म्हणून माझंच कौतुक करून गेले. जांब समर्थला दर्शन घेऊन परतणारा प्रत्येक जण आमच्याकडे वाकडी वाट करायचा, हातावर पेढा ठेवायचा आणि तिला उचलून घरभर मिरवायचा. ताईंनी ते बंद केलं. पाहुण्याला उंबऱ्यातच दम मिळायचा, "पेढा द्या न् बसा. लेकराला उचलायचं न्हाई, बिलकुल न्हाई!" एक आतेसासरे त्यावर रुसून पेढ्यांसकट परत गेले. ताईंनी जुन्या ब्लाउजच्या कापडाच्या पुरचुंड्या शिवल्या, त्यांत तूरडाळ भरली आणि गौरीच्या मनगटांना बांधून दवाखान्यात शिकवलेले व्यायाम घ्यायला सुरुवात केली. टीव्हीचा रिमोट त्या फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवत. हात उंच कर आणि घे. पोर रडली की विचारत, "दुखून राह्यलं का थकली? खरं सांग." दुखतंय म्हटलं की त्या दिवशी सुट्टी. थकले म्हटलं, तर घोटभर पाणी आणि पुन्हा सुरू. गौरीला ही आत्या राक्षसीण वाटायची आणि मला पोरीचंच पटायचं.

धाकट्या दिराच्या लग्नात मात्र कहर झाला. पंगत आटोपली, सगळे एकदम उठले आणि गौरी एकटी उष्ट्या पत्रावळीपुढे बसून राहिली. माझा भाऊ तिला उचलायला धावला, तर ताई आडव्या. "उठतीय ती. सरका." मी पुढे झाले, तर माझा पदर धरला. सगळा मांडव बघत होता. पोर आधी पालथी झाली, मग गुडघ्यांवर आली, मग स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत रोवत उभी राहिली. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं, कुणी टाळ्याही वाजवल्या. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता.

त्यानंतर गौरीने व्यायाम एकदाही चुकवला नाही, पण घेतला तो माझ्याकडून. आत्याशी ती एक शब्द बोलली नाही. ताईंनी थोडे दिवस वाट पाहिली, मग पिशवी भरली आणि मंठ्याला निघून गेल्या. डॉक्टर आता गौरीवर खूश आहेत. नातेवाईक म्हणतात, देवाने ऐकलं. ताईंचं नाव कुणीच घेत नाही.

परवा त्या आल्या, तेव्हा गौरी जमिनीवर अभ्यास करत होती. आत्याला पाहताच दोन्ही हातांत पुस्तकं गोळा करून ती ताडकन उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी शरमेने ओरडले, "गौरे, पाया पड आधी!"

"वरडू नको तिच्यावर," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मला बघवेना. "हात टेकला न्हाई तिनं. पाह्यलं का तू? कुठंच टेकला न्हाई."

मी चहा टाकायला वळले, तर त्यांनी पिशवी उचलली होती.

"ऱ्हाऊ दे चहा. मी जाते मंग," बंद दाराकडे बघत त्या म्हणाल्या. "मी गेल्याबिगर ती भाईर यायची न्हाई, न् लेकरू भुकेलं आसंल."