खोडलेलं नाव

वळसंगच्या शाळेतली, घरी कन्नड बोलणारी मुलं मराठीतून गणित कशी शिकतात, यावर मी शिक्षणशास्त्राच्या एका जर्नलला पेपर पाठवला. तिथला नियम असा, की पेपर तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याचं नाव कळता कामा नये. म्हणून मी माझं नाव खोडलं, कॉलेजचं खोडलं आणि याच मुलांवरच्या माझ्या जुन्या लेखाचा उल्लेखसुद्धा काढून टाकला.

वर्ष उलटलं. प्रमोशन त्या पेपरवर अडलेलं. रोज सकाळी चहाच्या आधी मी मेल उघडायची. शेवटी परीक्षकांचा अभिप्राय आला. लेखकाने एका जुन्या लेखातल्या कल्पना उचलल्या आहेत आणि त्याचा साधा उल्लेखही केलेला नाही, म्हणे. खाली त्या लेखाचं नाव दिलं होतं. लेख माझाच!

माझं डोकंच फिरलं. संपादकांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, मला कळतंय हो, पण परीक्षकांना तुमचं नाव सांगता येत नाही. दुसऱ्या कुणाचा लेख असल्यासारखा उल्लेख करा की."

नवरा म्हणाला, "लई झालं, सोड आता." सोडून जाणार कुठं? मी मुकाट्यानं स्वतःचंच नाव घालून 'या संशोधिकेने पूर्वी दाखवून दिल्याप्रमाणे' असं लिहिलं आणि पेपर परत पाठवला.

काल दुसरा अभिप्राय आला. उल्लेख केल्याबद्दल परीक्षकांनी समाधान व्यक्त केलंय. पेपर मात्र नाकारलाय, कारण मूळ संशोधिकेची समज या लेखकाकडे नाही.