व्हेगस आणि भागीमावशीचा टब

“हार्ट अटॅक नाही हो हा,” ईसीजीच्या पट्टीवरची नजर न काढता वाशीतले डॉक्टर म्हणाले, आणि मी चक्क हिरमुसलो. रिक्षात नुकतेच बायकोला शेवटचे शब्द सांगून झाले होते. तेही तिसऱ्यांदा! “याच्या पुढच्या वेळी काहीतरी नवीन बोला,” सुनंदा म्हणाली होती. माझा हात मात्र सोडला नव्हता.

त्र्याण्णव साल. चार महिने हेच चाललेलं. अचानक छाती धडधडायची, नाडी मोजता येऊ नये इतकी. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी नॉर्मल, निदान ‘टेन्शन’. सुनंदानं मला एकट्याला बाहेर सोडणं बंद केलं. रविवारची मासळीसुद्धा पहाऱ्यात! थट्टा करायचो, पण जिना उतरताना कठडा सोडत नव्हतो.

त्या दिवशी धडधड पट्टीवर सापडली. सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून मध्येच सुटणारी बेफाम धाव.

“हृदयाला दोन तऱ्हेच्या नसा येतात, दोन्ही आपल्या हुकमाबाहेरच्या,” डॉक्टर म्हणाले. “सिम्पथेटिक पळवतात. व्हेगस मेंदूतून गळ्यावाटे खाली येते, ती आवरते. तिला जागं करू. नाक दाबा, तोंड मिटा, संडासला बसल्यासारखा जोर लावा.”

नर्सबाईंसमोर? लावला! श्वास सोडला आणि छातीत एकदम शांतता.

“नाही जमलं तर बर्फाच्या पाण्यात थोडा वेळ तोंड बुडवा. तरी थांबलं नाही, चक्कर आली, छातीत दुखलं, तर सरळ इकडे.”

पुढच्या रविवारी हट्टानं एकटा सानपाड्याच्या बाजारात गेलो. आमची नेहमीची मासळीवाली भागीमावशी पापलेट कापत होती, आणि सुरू झालं. जोर लावला. थांबेना. समोर तिचा बर्फाच्या पाण्याचा टब. चष्मा काढला, श्वास रोखला, घातलं तोंड.

“आरं भाऊ, पानी मासल्यांचा हाय! मासं इकत घे, बुडी मारून काय धरतंस?”

वर आलो तेव्हा नाडी सरळ, मिशीत खवले. मावशीनं आधी पदर पुढे केला, मग हसली. तेव्हापासून ती माझ्यासाठी स्वच्छ पाण्याचा वेगळा डबा ठेवू लागली.

तुमचीही छाती अशी धावत असेल, तर आधी ईसीजीत पकडून घ्या. निदानाआधी कुणाच्या टबात तोंड घालू नका.

त्या दिवशी घरी सुनंदानं मासळीच्या वासानं नाक मुरडलं, मनगट धरलं, घड्याळ बघत नाडी मोजली. “आज शेवटचं काय बोललात?”

“पापलेट ताजं आहे का?”

त्यानंतरच्या रविवारी तिनं पिशवी माझ्या हातात दिली. स्वतःच्या चपला मात्र घातल्या नाहीत.