खिळा न मारलेला रहाट

हरिश्चंद्र सुताराच्या घराण्यात लाकडाच्या सांध्यांना बायकांची नावं होती. एका खाचेत दोन तुकडे शिरले की ती 'सवत'. एकदा बसली की जन्मात न सुटणारी 'खाष्ट सासू'. आणि कोरडी असताना खुळखुळणारी, पाणी लागल्यावरच घट्ट धरणारी ती 'रुसकी बायको'. माणसांची घरं उभी राहायची या सांध्यांवर, आणि नावं मात्र एकजात वाईट! अनसूयाला लहानपणापासून याची चीड होती.

ती हरिश्चंद्राची लेक. नवरा वारल्यावर सोपाऱ्याला माहेरी आली, आणि एक्कावन्न साली बापाचा उजवा हात लुळा पडल्यावर तिने सरळ पटाशी उचलली. भावकी खवळली. बाईमाणसाने रंधा मारायचा? हत्यारं पुतण्या एकनाथला द्यायची, असं सगळ्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. हरिश्चंद्र एवढंच म्हणाला, "केळीवाल्या पास्कलचा रहाट तिने करायला घेतलाय. तो फिरला तर हत्यारं तिची. नाय फिरला, तर एकनाथची."

रहाट विहिरीवर चढला त्या सकाळी अर्धा गाव पास्कलच्या वाडीत. एकनाथने चाक हलवून बघितलं. सगळे आरे खुळखुळले.

"खिळे मार, ताई," तो हसत म्हणाला. "अब्रू तरी राहील."

पास्कलचाही धीर सुटला. "मार बाय खिळे. माझ्या केळी सुकतात."

"एक खिळा लागनार नाय. पानी पिऊ दे त्याला. उन्हं कलेपर्यंत कोनी बैल जुंपायचा नाय!"

तिने स्वतःच घागरींनी चाक भिजवायला घेतलं. हात दाखवून अवलक्षण, असं कुणीतरी तिला ऐकू जाईल इतपत पुटपुटलं. हत्यारं गेली तर उरलेला जन्म भावकीच्या चुली फुंकण्यात जाणार होता. पण ती जागची हलली नाही.

उन्हं कलली. तिने बैल जुंपायला सांगितला. रहाट फिरला, गाडगी भरून वर आली, पाटात पाणी पडू लागलं. एकही आरा हलला नाही. एकनाथ कधी निघून गेला, ते कुणालाच कळलं नाही.

आठवड्याने तोच ओटीवर आला. "ताई, ती रुसकी बायको मला शिकव."

"तिला आता मानी बाई म्हनायचं. म्हन, मग शिकवते."

एकनाथने काकाकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" हरिश्चंद्र म्हणाला. "हत्यारं तिची."

एकनाथ मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाय आलं," अनसूया म्हणाली, आणि पटाशीला धार लावत बसली.