सातव्या प्रकरणातला आवाज

या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. चेन्नईजवळच्या ओरगडममध्ये एका ट्रक कारखान्यात टेस्टिंगला आहे. इंजिनातून वेगळा आवाज आला की तो कुठून येतोय ते शोधायचं, ही माझी नोकरी. भुताखेतांसाठी वेळच नव्हता... पण दोन वर्षांपूर्वी जे झालं ते लिहितोय.

माझे मामा फायटर पायलट. साताऱ्यातून निघाले आणि एअर मार्शल होऊन निवृत्त झाले. मामी तंजावरकडच्या मराठी घरातली, म्हणून दोघं चेन्नईत, गिंडीजवळ राहतात. मी जवळच वेलचेरीत. मामांना आत्मचरित्र लिहायचं होतं, पण हात थरथरायचा. म्हणून दर रविवारी सकाळी मी त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचो आणि घरी जाऊन टाइप करायचो.

आमचं कधी जमलं नाही. डोळ्यांमुळे मला एअरफोर्सने घेतलं नाही, हे मामा विसरू देत नसत. "याला नटबोल्ट कळतात," असं पाहुण्यांसमोर म्हणायचे. मी जायचो ते मामीसाठी.

सहा प्रकरणं सुरळीत झाली. सातवं मामा स्क्वाड्रनचे प्रमुख होते त्या दिवसांचं. त्यात एक अपघात होता. चिकू म्हणून ओळखला जाणारा तरुण पायलट टेकऑफनंतर लगेच कोसळला होता. "चूक पायलटची," मामांनी सांगितलं. "घाबरला. वेळेत बाहेर उडी टाकली नाही."

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, मध्येच माझं "मग?" – सगळं होतं. मामांचा आवाज नव्हता. फक्त अपघाताची चार मिनिटं गायब. पुढे परत खणखणीत. मी ते कारखान्यातल्या सॉफ्टवेअरवर तपासलं. कुठे कट नाही, पंखा अखंड चालू...

पुढच्या रविवारी तेच पुन्हा सांगायला लावलं, फोनबरोबर लॅपटॉपही लावला. दोन्हीकडे तेच. मामा भडकले.

"एक बटण दाबता येत नाही? का मुद्दाम पुसतोयस?"

तिसऱ्या वेळी वही घेऊन बसलो. सकाळचे अकरा, खिडक्या उघड्या. मामी शेजारी शेंगा सोलत होती. मामा म्हणाले, "त्या दिवशी सकाळी..." आणि आवाज बंद. ओठ हलत होते, मानेची शीर फुगली होती, बोट माझ्यावर रोखलेलं. रस्त्यावरच्या शेअर ऑटोचा हॉर्न मात्र स्पष्ट येत होता. मामीचे हात थांबले. खोलीत चौथं कुणीतरी आहे आणि ते भयंकर चिडलेलं आहे, असं मला वाटलं. मान वळवून बघायची हिंमत झाली नाही.

"लिहिलंस?" हा शब्द ऐकू आला.

"मामा... काही ऐकूच आलं नाही."

"बहिरा आहेस?"

"मलाही आलं नाही," मामी म्हणाली. "अय्यो, आता तरी खरं सांगा हो. आदल्या दिवशी तो पोरगा आपल्या घरी आला होता. इंजिन बरोबर वाटत नाही, उद्या हे विमान नको, म्हणाला. हवाई कवायत बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर एक विमान कमी दिसलेलं चालणार नाही, असं तुम्ही बोललात. मी कॉफी घेऊन तिथेच उभी होते."

मामांनी हातातला स्टीलचा ग्लास भिंतीवर भिरकावला. "दोघं मिळून मला वेडा ठरवताय? चालता हो इथून!"

मी कान तपासून घेतले. नॉर्मल. मामांनी ते प्रकरण थरथरत्या हाताने स्वतःच लिहून काढलं. पुस्तक छापून झालं.

प्रकाशनाला गाडी चालवायला मामीने मला बोलावलं. क्लबचा हॉल, संध्याकाळचे पाच, समोर बरेचसे निवृत्त अधिकारी. वाचनासाठी मामांनी सातवंच प्रकरण निवडलं. पहिला परिच्छेद नीट ऐकू आला. मग आवाज गेला. माइकवाला धावला, दुसरा माइक दिला. तरी काही नाही. पुढच्या रांगेतल्यांनाही, चार हातांवरून, काही ऐकू येईना. लोक एकमेकांकडे बघू लागले. मामा वाचतच होते. पान संपल्यावर पुस्तक मिटून त्यांनी समाधानाने वर पाहिलं. लोकांनी थोड्या टाळ्या वाजवल्या. आभार मानणाऱ्याने तोच माइक घेतला... त्याचा शब्द न् शब्द ऐकू आला.

परतताना मामा खुशीत होते. "बघितलंस?" मामीला म्हणाले. "त्या पानाला कुणी साधं खोकलंसुद्धा नाही. सगळे गुंगून ऐकत होते."

मामी खिडकीबाहेर बघत राहिली.

नंतर मामांनी मला घरी बोलावणं बंद केलं. कुणाला उलगडा होत असेल तर जरूर सांगा, मला झालेला नाही. पुस्तक दुकानात मिळतं. त्यात चूक अजून चिकूचीच आहे.