लॉजच्या जिन्यातली थरथर

खरं सांगायचं तर त्या श्रावणात माझा देवीवर रागच होता. सुरतेत लिंबायतमधल्या आमच्या मंडळाच्या नाटकात मी दरवर्षी काम करायचे, टाळ्या घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साड्यांना टिकल्या चिकटवत बसायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरोघरी मालिका लागायच्या आणि मला त्यात काम करायचं होतं, बस्स! पण मुंबईला शूटिंगच्या गेटवर युनियनचं कार्ड मागायचे. काम केल्याशिवाय कार्ड नाही आणि कार्डाशिवाय काम नाही. आपलं नाव पुढे करणारा एजंट गाठावा, तर तोही आधी कार्डच विचारायचा. 'सगळ्यांचं तुला दिसतं, माझंच तेवढं दिसत नाही का गं?' असं मी देवीला चिडून विचारलंही होतं.

अशात मुंबईचा एक एजंट सुरतेत आल्याचं कळलं. आमच्या नाटकाच्या तालमीला तो येऊन गेला, मला बाजूला घेऊन म्हणाला, "बिना कार्ड के भी काम दिला दूंगा. सोमवार को लॉज पे आ जा. अकेली आना, भाई-वाई को मत लाना." मी हो म्हटलं. त्या क्षणापासून जेवण जाईना, झोप लागेना. जावं तर भीती, न जावं तर जन्मभर टिकल्या चिकटवायच्या ही त्याहून मोठी भीती.

तो सोमवार नेमका कानबाईच्या विसर्जनाचा निघाला. कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची श्रावणातली देवी. रविवारी घरी बसवायची, रात्रभर जागवायची आणि सोमवारी वाजतगाजत तापीला न्यायची. देवीचा पाट माझ्या डोक्यावर होता. वाटेत बायकांच्या अंगात येत होतं, जो तो पाया पडत होता, आणि मी मात्र मनात लॉजचा पत्ता घोकत होते. विसर्जन झालं तशी मी घोळक्यातून सटकले आणि रिक्षात बसले. साडी अर्धी ओली, केस मोकळे, कपाळभर हळदकुंकू. ते पुसायचंही सुचलं नाही.

लॉजचा जिना चढायला लागले आणि पाय लटपटू लागले. मग हात, मग दातावर दात. कठडा धरला तरी अंग थांबेना. वर एकच दार दिसत होतं आणि आत त्याचं हसणं ऐकू येत होतं. पुढे पाऊल टाकवत नव्हतं, मागेही फिरवत नव्हतं. तेवढ्यात जिना पुसणारी एक म्हातारी वर बघून ओरडली, "वो माय! कानबाई उनी वं!" फडकं टाकून तिनं माझे पाय धरले. ती आमच्याच खानदेशातली निघाली. माझं कपाळ आणि माझी थरथर बघून तिला वाटलं, माझ्या अंगात देवी आली. आमच्यात अशा बाईला क्षणभरही एकटी सोडत नाहीत. तिनं हाका मारून कामाच्या आणखी दोघीजणी बोलावल्या आणि तिघी मला धरून बसल्या.

गलका ऐकून तो बाहेर आला. "ये क्या तमाशा है? तू अंदर आ, अकेली."

म्हातारी उठून मध्ये उभी राहिली. "इसको माताजी आया है. अकेली नहीं जायेगी. काम है तो हम भी अंदर बैठेंगे."

त्यानं तिघींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. पुन्हा काही ते उघडलं नाही. बिनकार्डाच्या मुलीला काम द्यायला तीन बायकांची अडचण का व्हावी, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

त्या म्हाताऱ्या मावशीनं मला खाली नळापाशी नेलं, लिंबू उतरवलं, मूठभर तांदळांनी ओटी भरली. मला राहवेना. म्हटलं, "मावशी, अंगात काही नव्हतं हो. मी घाबरले होते."

वाटलं, आता ही रागावणार. पण तिनं माझ्या पदराची गाठ नीट बांधली आणि म्हणाली, "मंग? माय काय घुमीसनच येस का? भ्याव व्हईसन बी येस." म्हणजे देवी काय नुसती घुमूनच येते का, भीती होऊनही येते.

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

तो माणूस कसा होता ते त्याचं त्याला माहीत. पुढे मुंबईतल्या एका एजंटबाईंनी मला बिनकार्डाचीच पत्करली. पहिल्या भेटीला भाऊ शेजारी बसला होता आणि दार सताड उघडं होतं. कामं लहानच मिळाली, पण मानानं मिळाली. त्या मावशीला शोधायला मी नंतर गेले, तर ती गावी निघून गेली होती. तिचे उपकार फेडायचे राहिले ते राहिलेच.

अजूनही कॅमेऱ्यासमोर जाताना माझे हात कापतात. बरोबरच्या पोरी म्हणतात, "ताई, इतक्या वर्षांनी कसली भीती?" मी कापरे हात तसेच जोडते आणि मनात म्हणते, आलीस ना, मग ने आता तुला न्यायचं तिथं.